पहिल्या सेकंदाची हवा

“काका, ओठ नळीभोवती घट्ट मिटा. आता मोठ्ठा श्वास घ्या... अजून, अजून... आणि फुंका! जोरात! थांबू नका. फुंका, फुंका, फुंका, फुंका...”

दार लोटलेलं असूनही त्या मुलीचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत येत होता. आत माझे मामा नाकाला चिमटा लावून पुठ्ठ्याच्या नळीत जीव ओतून फुंकत होते. वय ५८. साताऱ्यातल्या एका शाळेतून चित्रकलेचे शिक्षक म्हणून त्याच वर्षी निवृत्त झालेले. विसाव्या वर्षापासून सिगारेट, दिवसाला पंधरा. तीनदा फुंकून घामाघूम होऊन ते बाहेर आले, तेव्हा हातात छापील कागद होता. डॉक्टरांकडे जाण्याआधी त्यांनी तो हातभर लांब धरला, चित्र पाहावं तसा. त्यावर दोन रेघा होत्या. तुटक रेघ निरोगी माणसाची: झपकन वर जाणारी आणि टोकावरून सरळ उतरणारी, डोंगराच्या सोंडेसारखी. ठळक रेघ मामांची. तीही वर गेली होती, पण कमी. आणि उतरताना लगेच खचून आत वाकली होती.

“ही सोंड कुणीतरी पोखरलीय,” मामा म्हणाले.

त्यांना वैद्यकातलं काही कळत नव्हतं, पण रेघ कळत होती. त्यानंतर फुप्फुसांविषयी मी जे जे वाचलं, ते बहुतेक सगळं त्या एका वाक्याचाच खुलासा करणारं निघालं.

कागदावर बरेच आकडे होते. डॉक्टरांनी पेनाने गोल केला तो एकाच आकड्याभोवती: १.६२ लिटर. छाती पूर्ण भरून घेऊन जोरात फुंकल्यावर पहिल्या एका सेकंदात बाहेर पडलेली हवा. मामांच्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाकडून २.८ लिटरची अपेक्षा होती. म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त गेलं होतं. “पण मला दम कुठे लागतो?” मामांनी विचारलं, आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं. परत येताना गाडीत मामी हिशेब मांडत होत्या. पूर्वी दर रविवारी पोरांना घेऊन मामा अजिंक्यतारा किल्ल्यावर जायचे, निसर्गचित्रं काढायला. मग कधीतरी ते किल्ल्याखालच्या ‘चार भिंती’ या जागेपर्यंतच जाऊ लागले, कारण “तिथून शहर छान दिसतं”. मग घराच्या गच्चीवरून. मग गच्चीवरही बोलावल्याशिवाय नाही. बाजाराची पिशवी शेजारच्या पोराकडे गेली. दम लागत नव्हता हे खरंच, कारण जिथे जिथे तो लागला असता त्या जागा मामांनी एकेक करून सोडून दिल्या होत्या.

सिगारेट आणि फुप्फुस यांच्या गोष्टीतली सगळ्यात कठीण गाठ हीच आहे. फुप्फुसांत दुखणं जाणवणारे मज्जातंतू जवळपास नाहीत, आणि राखीव साठा प्रचंड आहे. बसल्या जागी आपण एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो, मिनिटाला सहा ते आठ लिटर. धडधाकट तरुण माणूस जिवाच्या आकांताने पळताना मिनिटाला शंभर लिटरच्या वर हवा खेळवू शकतो. दहापट आणि त्याहूनही जास्त शिल्लक. एक पूर्ण फुप्फुस काढून टाकलेली माणसं कामावर जातात, संसार करतात. अशा भरल्या कोठारातून रोज मूठभर धान्य गेलं तर वर्षानुवर्षं घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. बहुतेकांना रोजच्या कामात धाप जाणवू लागते तेव्हा पहिल्या सेकंदाची निम्मी हवा गेलेली असते.

म्हणून मोजायचं. आणि मोजण्याची ही कल्पना बरीच जुनी आहे.

१८४६ साली लंडनमध्ये जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरने एक यंत्र लोकांपुढे ठेवलं. पाण्यावर उलटं ठेवलेलं भांडं, त्याला तोलून धरणारी वजनं आणि एक नळी. माणसाने नळीत फुंकलं की भांडं वर उचललं जायचं आणि किती हवा आली ते पट्टीवर वाचता यायचं. हचिन्सनने २,००० हून अधिक लोकांना फुंकायला लावलं. त्यात सैनिक होते, खलाशी होते, थेम्स नदीवरचे पोलीस आणि आगीचे बंबवाले होते. छाती भरून घेतलेली सगळी हवा बाहेर टाकली की जे माप येतं त्याला त्याने जे इंग्रजी नाव दिलं, त्याचा अर्थ ‘जीवनशक्तीची क्षमता’ असा होतो. हे माप छातीच्या घेरावर नव्हे, तर उंचीवर अवलंबून असतं, असं त्याला आढळलं: दर इंच उंचीमागे आठ घन इंच हवा जास्त. वयाबरोबर ते घटतं, आणि क्षयाच्या रोग्यात बाकी लक्षणं दिसण्याआधी घटतं. आयुर्विमा कंपन्यांनी हे यंत्र वापरावं म्हणून त्याने खटपट केली. पुढे तो ऑस्ट्रेलियाला गेला आणि १८६१ साली फिजी बेटांवर वारला. मामांच्या कागदावरचा ‘अपेक्षित’ आकडा वय आणि उंचीवरून काढला होता, त्यामागे हाच माणूस उभा आहे.

हचिन्सनला एकूण किती हवा निघते हे कळत होतं. ती किती वेगाने निघते, याचं महत्त्व कळायला आणखी शंभर वर्षं गेली. १९४७ साली पॅरिसमध्ये रोबेर तिफनो आणि त्यांचे सहकारी पिनेली यांनी पहिल्या एका सेकंदाची हवा वेगळी मोजली. त्यांचा विचार सरळ होता. धावताना, ओझं उचलताना श्वास सोडायला माणसाला सवड नसते. तेव्हा उपयोगी पडते ती झटक्यात बाहेर येणारी हवाच. निरोगी तरुणाच्या छातीतली पाऊण किंवा त्याहूनही जास्त हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडते. हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या खाली गेलं तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे असं धरतात. मामांचं ५६ टक्के होतं. हवा होती, निघत नव्हती.

अडथळा नेमका कुठे, हे कळायला फुप्फुसाची रचना डोळ्यांपुढे हवी. धरणाच्या लाभक्षेत्रात वाढलेल्या माणसाला ती चटकन समजेल. मोठा कालवा निघतो, त्याच्या वितरिका होतात, त्यांच्या लघुवितरिका, मग पोटचाऱ्या, शेवटी प्रत्येकाच्या बांधाला लागणाऱ्या शेतचाऱ्या. श्वासनळी अशीच दोन-दोन फाटे फोडत जाते, साधारण तेवीस वेळा. टोकाला हवेचे फुगीर कप्पे: वायुकोश. एका माणसात ते तीस ते पन्नास कोटींच्या घरात असतात. त्यांचा सगळा पृष्ठभाग उलगडून पसरला तर जवळपास बॅडमिंटनच्या कोर्टाएवढा होतो, आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. एवढं विस्तीर्ण आणि एवढं नाजूक दुसरं काही आपल्या शरीरात नाही. बाहेरच्या जगाला ते सतत उघडं असतं, हे आणखी.

आता या कालव्यातून धूर सोडायचा. सिगारेटच्या धुरात सात हजारांवर रसायनं सापडली आहेत, त्यातली सत्तरएक कर्करोगकारक. धुराचे कण इतके बारीक असतात की नाकाघशाच्या चाळणीत न अडकता थेट तळाशी पोचतात. ज्या मैदानातून प्राणवायू रक्तात शिरतो त्याच मैदानातून निकोटिनही शिरतं आणि दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत जातं. सिगारेट सोडणं इतकं अवघड का, याचं उत्तर या सेकंदांत आहे. झुरका आणि सुख यांच्यामध्ये मेंदूला विसर पडेल एवढीही फट राहत नाही.

वरच्या मोठ्या नळ्यांना आतून सूक्ष्म केसांचं अस्तर असतं. हे केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा लवलवतात आणि धूळ, जंतू अडकलेला चिकट थर घशाकडे ढकलत राहतात. धुराने त्यांची हालचाल मंदावते, केस झडतात, आणि शरीर घाबरून चिकट स्राव वाढवतं. झाडूवाले कमी, कचरा जास्त. मग तो कचरा बाहेर काढायला एकच उपाय उरतो, खोकला. सकाळी तोंड धुताना अर्धा तास खोकून बेडका काढणारा माणूस आपल्याकडे घराघरात पाहिलेला आहे, आणि “त्यांचं ते रोजचंच आहे” म्हणून सोडून दिलेला आहे.

खोकला निदान ऐकू तरी येतो. खरं नुकसान खाली, शेतचाऱ्यांत होतं, तिथे आवाज नाही. दोन मिलिमीटरहून अरुंद नळ्या लाखांच्या हिशेबात असतात. एकेक नळी अरुंद असली तरी सगळ्यांची मिळून रुंदी प्रचंड होते, त्यामुळे हवेला तिथे अडथळा जवळजवळ नसतो. शेकडो शेतचाऱ्या गाळाने भरल्या तरी कालव्याच्या दारावर पाण्याची पातळी ढळत नाही, तसंच. जेम्स हॉग, पीटर मॅकलेम आणि विल्यम थर्लबेक यांनी १९६८ साली दाखवून दिलं की धाप लागणाऱ्या रोग्यांत हवा अडते ती मुख्यतः या बारीक नळ्यांत. हा भाग फुप्फुसाचा ‘मुका प्रदेश’ म्हणून ओळखला जाऊ लागला. पुढे १९७४ साली अमेरिकेत डेनिस नीवोनर आणि सहकाऱ्यांनी अपघाताने किंवा अचानक मेलेल्या तरुणांची फुप्फुसं तपासली. ज्यांना आयुष्यात कधी दम्याची, खोकल्याची तक्रार नव्हती अशा तरुण धूम्रपान करणाऱ्यांच्या बारीक नळ्यांभोवती दाह पसरायला लागला होता. सुरुवात तेव्हाच, विशी-पंचविशीत, माणूस पायऱ्या दोन-दोन चढतो त्या काळात.

त्याहून खोल नुकसान आहे ते वायुकोशांच्या भिंतींचं, आणि त्याची गोष्ट स्वीडनमधल्या माल्मो शहरातून सुरू होते. १९६३ साली तिथे कार्ल-बर्टिल लॉरेल हे रक्तातल्या प्रथिनांच्या पट्ट्या तपासत होते. सुमारे दीड हजार पट्ट्यांपैकी पाचांत एक ठरावीक रेघ गायब होती. स्टेन एरिकसन या तरुण डॉक्टरबरोबर त्यांनी त्या रोग्यांचा माग काढला, तेव्हा पाचांपैकी तिघांची फुप्फुसं तरुण वयातच फुगून निकामी झाली होती. वातस्फीती. गायब असलेलं प्रथिन होतं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. त्याचं काम पहारेकऱ्याचं. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढताना कातरीसारखं एक द्रव्य सोडतात. ते जंतूंना कापतं तसं आपल्याच भिंतींतले लवचीक धागेही कापतं, म्हणून लढाई संपली की पहारेकरी ती कातर धरून ठेवतो.

मामांच्या रक्तात हे प्रथिन नव्हतं असं नाही. त्यांच्यासारख्या लाखोंच्या रक्तात ते असतं. पण धूर एकाच वेळी दोन गोष्टी करतो. पांढऱ्या पेशींना हजारोंनी फुप्फुसात बोलावून घेतो, आणि त्याच्यातली जळजळीत द्रव्यं पहारेकऱ्याचे हात गंजवतात, त्याला कातर धरता येत नाही. रोज पंधरा वेळा, अडतीस वर्षं.

आणि हे धागे पुन्हा विणले जात नाहीत. ते किती टिकतात, हे ज्या पद्धतीने कळलं ती मला विलक्षण वाटते. १९५० आणि ६० च्या दशकांत अणुबाँबच्या चाचण्यांमुळे जगभरच्या हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला. तो पिकांत गेला, पिकांतून माणसांत गेला. शरीराचा जो भाग त्या काळानंतर घडला त्यात या जास्तीच्या कार्बनची खूण राहते. १९९१ साली शास्त्रज्ञांनी फुप्फुसातल्या लवचीक धाग्यांत ती खूण शोधली. वयस्कांच्या धाग्यांत ती जवळपास नव्हतीच. त्यांचा सरासरी टिकण्याचा काळ निघाला ७४ वर्षं. म्हणजे लहानपणी, वाढत्या वयात जे विणलं गेलं तेच घेऊन आपण म्हातारे होतो. हाड जुळतं, कातडी भरून येते. हे धागे शरीर जवळजवळ एकदाच देतं.

धागे तुटले की काय होतं? श्वास घेताना आपण जोर लावतो, पण शांतपणे सोडताना लावत नाही; ताणलेलं इलॅस्टिक आपोआप आखडतं तशी फुप्फुसं आखडतात आणि हवा बाहेर जाते. इलॅस्टिक सैल पडलं की आत गेलेली हवा आतच राहते. शिवाय हेच धागे बारीक नळ्यांना चारी बाजूंनी ताणून उघडं धरतात, तंबूच्या दोरांसारखे. दोर तुटले की श्वास सोडताना नळ्या मिटतात. जितका जोर लावावा तितक्या जास्त मिटतात. मामांच्या कागदावरची ती आत वाकलेली रेघ म्हणजे या मिटणाऱ्या नळ्या. रोगी म्हणतो, “श्वास घेता येत नाही.” खरं तर त्याला श्वास सोडता येत नसतो. आधीची हवा जागा अडवून बसलेली असते, नवीन घ्यायला कोपरा नसतो. शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ आवळून हळूहळू श्वास सोडणारी म्हातारी माणसं पाहिली असतील. नळ्या थोडा वेळ उघड्या राहाव्यात म्हणून त्यांच्या शरीराने स्वतःच शोधलेली ती युक्ती आहे. डॉक्टर या साऱ्या दुखण्याला सीओपीडी म्हणतात. बारीक नळ्यांचा दाह आणि भिंतींची पडझड, दोन्ही त्यात आली.

कार्बन मोनॉक्साइडचं वेगळं सांगायला हवं, पण थोडक्यात. तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे रक्ताच्या लाल द्रव्याला चिकटतो. भरपूर ओढणाऱ्याच्या रक्तातल्या शंभर जागांपैकी पाच-दहा जागा त्यानेच अडवलेल्या असू शकतात. एवढं एकच नुकसान असं आहे की शेवटची सिगारेट विझल्यावर एक-दोन दिवसांत पूर्ण भरून येतं.

बाकीच्यांचं काय? सोडून उपयोग होतो का, आणि किती? हा प्रश्न ज्यांनी नीट सोडवला त्या माणसाविषयी मला फार आदर आहे. चार्ल्स फ्लेचर. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डला एका पोलिसाला पेनिसिलिन टोचलं गेलं, ते टोचणारे तरुण डॉक्टर हेच. (औषध संपलं आणि तो पोलीस दगावला, पण जंतुसंसर्गाशी लढण्याचं नवं शस्त्र हाती आलं आहे हे त्या चार-पाच दिवसांत दिसलं.) पुढे त्यांनी वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास केला. १९६२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने धूम्रपानाविरुद्ध जो अहवाल काढला, त्या समितीचे चिटणीस तेच होते.

तेव्हा ब्रिटनमध्ये जुनाट खोकला आणि धाप इतकी सार्वत्रिक होती की युरोपातले डॉक्टर तिला इंग्रजांचाच रोग म्हणत. १९५२ च्या डिसेंबरमध्ये लंडनवर पाच दिवस धुरकं साचलं आणि हजारो माणसं मेली, ही आठवण ताजी होती. समज असा होता की आधी कफ होतो, कफात जंतू वाढतात, आणि वारंवारच्या जंतुसंसर्गाने नळ्या बुजतात. फ्लेचर यांनाही तसंच वाटत होतं. ते तपासायला १९६१ साली त्यांनी पश्चिम लंडनमध्ये काम करणारे ३० ते ५९ वयाचे पुरुष निवडले आणि दर सहा महिन्यांनी त्यांना फुंकायला लावलं. आठ वर्षं. शेवटी ७९२ जणांची पुरेशी मापं हातात आली. पुढे संख्याशास्त्रज्ञ रिचर्ड पीटो यांनी त्या आकड्यांचा अर्थ लावला आणि १९७६ साली पुस्तक आलं.

निष्कर्षाने फ्लेचर यांचा स्वतःचाच अंदाज खोटा ठरवला, आणि त्यांनी तो तसाच छापला. कफ आणि नळ्यांचा अडथळा ही धुराचीच दोन पोरं, पण एकामुळे दुसरं होत नाही. भरपूर खोकणाऱ्याची पहिल्या सेकंदाची हवा शाबूत असू शकते आणि कधी न खोकणाऱ्याची आतल्या आत संपत असू शकते. “मला खोकला नाही, म्हणजे मला काही झालेलं नाही,” असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं असं मला फार वाटतं.

त्यांनी १९७७ साली काढलेली एक आकृती आजही जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवली जाते. आडवं वय, उभं पहिल्या सेकंदाच्या हवेचं प्रमाण, पंचविशीत शंभर टक्के. न ओढणाऱ्याची रेघ हलक्या उताराने खाली येते. म्हातारपण सगळ्यांनाच आहे. ओढणाऱ्यांपैकी ज्यांची फुप्फुसं धुराला हळवी, त्यांची रेघ कड्यासारखी कोसळते आणि खालच्या दोन आडव्या रेषांना भेटते: एक अपंगत्वाची, दुसरी मृत्यूची. या आकृतीत दोन फांद्या आहेत. एक ४५ व्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्याची, दुसरी ६५ व्या वर्षी सोडणाऱ्याची. दोन्ही जिथून फुटतात तिथून वर जात नाहीत. गेलेलं परत येत नाही. पण तिथून पुढे त्यांचा उतार न ओढणाऱ्यासारखा हलका होतो.

ही आकृती थोडक्या माणसांवरून बांधलेली होती. तिची कसोटी अमेरिका आणि कॅनडातल्या दहा केंद्रांत लागली. १९८६ पासून ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांना घेतलं, वय ३५ ते ६०, सगळ्यांच्या नळ्यांत आधीच थोडा अडथळा. काहींना निकोटिनचा च्युइंग गम आणि महिनोन्‌महिने गटात बसून मदत. काहींना जोडीला नळ्या रुंदावणारा फवारा. काहींना नेहमीचाच सल्ला. फवाऱ्याने उतार बदलला नाही. सिगारेट सुटल्याने बदलला. ज्यांनी सोडली आणि पुन्हा धरली नाही, त्यांची हवा पहिल्या वर्षात थोडी वाढली सुद्धा, दाह ओसरल्यामुळे. मग अकरा वर्षांचा हिशेब असा आला: ओढत राहिलेले पुरुष वर्षाला सरासरी ६६ मिलिलिटर गमावत होते, सोडलेले ३०. बायकांत ५४ आणि २२. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं दहा मिलिलिटरचं टोपण घ्या. सोडलेला माणूस वर्षाला तीन टोपणं हवा गमावतो, ओढणारा साडेसहा. एका वर्षात हा फरक कुणाला जाणवणार नाही. वीस वर्षांत तो पाऊण लिटरच्या जवळ जातो, आणि मामांच्या १.६२ मधून पाऊण लिटर वजा केला तर माणूस अंथरुणाला खिळतो.

याच अभ्यासातला दुसरा आकडा मी मामांपासून कधी लपवला नाही. एवढी मदत मिळूनही पाच वर्षं पूर्णपणे सोडून राहिले ते २२ टक्के. नुसत्या सल्ल्यावर राहिलेल्यांत ५ टक्के. सोडता न येणं हा स्वभावाचा दोष मानणाऱ्या नातेवाइकांनी हे दोन्ही आकडे पाहावेत. मदतीने यश चौपट होतं, आणि तरीही बहुतेक जण पहिल्या खेपेला हरतात.

कुणाचं फुप्फुस हळवं हे आधी सांगता येत नाही. ते पुन्हापुन्हा मोजूनच कळतं. फ्लेचर यांना वाटलं होतं त्यापेक्षा हळव्यांचं प्रमाण बरंच जास्त आहे, हे पुढच्या पाहण्यांत दिसलं. आणि पहिल्या सेकंदाची हवा उत्तम असली म्हणून कर्करोग आणि हृदयविकार टळतात असं नाही. त्यांचे हिशेब वेगळ्या वह्यांत लिहिले जातात.

वाढत्या वयातल्या मुलांचं नुकसान आणखी वेगळं. फुप्फुस विशीपर्यंत वाढत असतं. चौदाव्या वर्षी सिगारेट धरणारा मुलगा भांडवल साठतानाच खर्च सुरू करतो, त्याचं शिखरच बुटकं राहतं. गरोदर बाईच्या सिगारेटचा परिणाम तिच्या बाळाच्या नळ्यांवर जन्माच्या वेळीच मोजता येतो. दुसऱ्याच्या धुराचंही तसंच. १९९८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या मद्यगृहांत धूम्रपानबंदी आली, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या ५३ बारटेंडरांना बंदीच्या आधी आणि काही आठवड्यांनी फुंकायला लावलं होतं. बहुतेकांचा खोकला, घरघर कमी झाली आणि छातीतली हवा मोजण्याइतकी वाढली. भारतात सार्वजनिक जागांतली बंदी २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर लागू झाली. एसटीच्या बसमध्ये मागच्या बाकावरून येणारा धूर ज्यांना आठवतो, त्यांना तिची किंमत सांगायला नको.

आपल्याकडे मात्र ही गोष्ट सिगारेटपाशी संपत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत सिगारेट ओढणारे प्रौढ ४ टक्के होते, विडी ओढणारे ७.७ टक्के. सिन्नर आणि सोलापूरच्या बायकांनी वळलेल्या, गोंदिया-भंडाऱ्याकडच्या जंगलांतल्या तेंदूच्या पानातल्या विड्या. विडीत सिगारेटच्या पाव हिस्साच तंबाखू असते, म्हणून ती सौम्य, असा गावोगाव समज आहे. पण तेंदूच्या पानातून हवा शिरत नाही, विडी सारखी विझते, आणि ती पेटती ठेवायला माणूस लवकर-लवकर आणि खोल झुरके घेतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सुमारे दहा वर्षांनी, विडी ओढणाऱ्या पुरुषांचं सहा वर्षांनी आणि विडी ओढणाऱ्या बायकांचं आठ वर्षांनी कमी झालेलं दिसलं. आपल्याकडच्या धुराला क्षयाचीही साथ आहे. चेन्नईत वेंदन गजलक्ष्मी आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवलं की भारतातल्या पुरुषांच्या क्षयाने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांमागे धूम्रपानाचा हात आहे. ज्या पेशी फुप्फुसात क्षयाच्या जंतूला कोंडून ठेवतात त्यांनाच धूर दुबळं करतो.

आणि चूल. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली पीटर बार्न्स यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात हा मुद्दा जगापुढे ठोसपणे मांडला: कधीच सिगारेट न ओढलेल्या लाखो माणसांना सीओपीडी होतो, आणि त्याचं मोठं कारण स्वयंपाकघरातला लाकूड-गोवऱ्यांचा धूर. २०१६ साली भारतात सीओपीडीचे रोगी साडेपाच कोटींच्या घरात होते. त्यात ओढणाऱ्यांइतक्याच हक्काने आपल्या आज्या आहेत, ज्यांच्या खोकल्याला कुणी नावही दिलं नाही. त्यातल्या कितीजणींना कधी कुणी त्या नळीत फुंकायला लावलं असेल? रक्तदाब आणि साखर मोजणं आपल्या गावापर्यंत पोचलं, हा एक सेकंद अजून पोचायचा आहे.

मामांनी सिगारेट सोडली ती चौथ्या प्रयत्नात, निकोटिनच्या गोळ्या चघळत. पहिले काही आठवडे खोकला उलट वाढला आणि ते घाबरले. नळ्यांतले केस पुन्हा कामाला लागल्याचं ते लक्षण असू शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. दरवर्षी दिवाळीनंतर ते फुंकायला जातात. सगळे कागद त्यांनी चित्रांच्या फोल्डरमध्ये ठेवले आहेत, एकावर एक रेघ यावी असे, म्हणजे उजेडाला धरले की सगळ्या सोंडा एकदम दिसतात. आठव्या वर्षीचा आकडा १.४० आला.

“कमी झालंच की,” मामा म्हणाले.

“आठ वर्षांत दोनशे वीस मिलिलिटर. वर्षाला तीन टोपणांहूनही कमी.”

त्यांनी नवा कागद पहिल्या कागदावर ठेवून खिडकीकडे धरला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग पिशवी उचलली. आम्ही चार भिंतीच्या वाटेला लागलो, तीन ठिकाणी टेकत.